घरच्या प्रोग्रॅममधला मराठी शोध सुधारायचाय? आधी कोड आवरा, मग नियम बदला

दर पावसाळ्यात बागेची कामं थांबली की देवगड तालुक्यातली ओळखीची दोन-चार मुलं लॅपटॉप घेऊन आमच्या पडवीत येतात. कुणी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिलेला असतो, कुणी होमस्टेची वही, कुणी आजोबांच्या डायऱ्या टाइप करून ठेवलेल्या. तक्रार एकच असते: नोंद आहे हे पक्कं ठाऊक आहे, पण शोधली की सापडत नाही. आणि बहुतेकांकडून येण्याआधीच एक चूक झालेली असते. शोध सुधारायला बसले, कोड विस्कटलेला दिसला म्हणून तो आवरायला घेतला, आवरता आवरता शोधाचे दोन नियम बदलले, आणि आता पूर्वी सापडायचं तेही सापडेना. कशामुळे, ते सांगता येत नाही, कारण दोनशे ओळी एकदम हलल्या आहेत.

हा लेख क्रम नीट लागावा म्हणून आहे. उदाहरणं माझ्या स्वतःच्या बागेच्या वहीतली आहेत. प्रोग्रॅम पायथनमध्ये, डेटा एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये, चारेक हजार नोंदी, आणि लिहिणारे तिघे: आबा म्हणजे माझे वडील, भाऊ आणि मी. तिघांची मराठी वेगळी, तिघांचे कीबोर्ड वेगळे. तुमची भाषा किंवा डेटाबेस वेगळा असला तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: हात लावण्याआधी

वेळ आधी निवडा. मार्च ते मे या काळात, रोज पेट्या वाशीला जात असताना, चालू वहीच्या कोडला हात लावू नका. जून लागला की निवांत बसा. मात्र पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे प्रत्येक बदल छोटा ठेवा आणि झाला की लगेच कमिट करा, म्हणजे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात नोंदवा.

१. प्रोग्रॅम गिटमध्ये नसेल तर आज टाका. डेटाबेसची फाइल मात्र गिटमध्ये टाकू नका.

२. डेटाबेसची प्रत काढा. इथे खूप जण फसतात. एसक्यूलाइट वॉल (डब्ल्यूएएल, नवे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिणाऱ्या) पद्धतीत चालत असेल तर ताज्या नोंदी मुख्य फाइलच्या शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात. नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर शेवटच्या काही नोंदी प्रतीत येतच नाहीत. प्रत काढायला एसक्यूलाइटचाच बॅकअप आदेश किंवा व्हॅक्यूम इन्टू वापरा.

३. पुढचं सगळं काम या प्रतीवर करा. खरी वही शेवटच्या टप्प्यापर्यंत जशीच्या तशी राहू द्या.

४. तुमच्या एसक्यूलाइटमध्ये एफटीएस५, म्हणजे मजकुरातले शब्द शोधण्याची सोय, आहे का ते आत्ताच पाहा. लॅपटॉपवर सहसा असतं, पण प्रोग्रॅम फोनवर चालवत असाल तर तिथेही तपासा.

तपासणी: प्रत उघडून नोंदींची एकूण संख्या आणि सर्वांत ताज्या नोंदीची तारीख मूळ वहीशी जुळवा. जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: तीस शोधांची यादी

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. "शोध चांगला झाला" हे मोजायचं कशाने? तुमच्या घरात खरोखर शोधले जाणारे तीसेक शब्द लिहून काढा. स्वतः बसून कल्पनेने लिहू नका. घरच्यांना विचारा, "गेल्या वेळी काय शोधत होता?" आबांनी मला सांगितलेला पहिलाच शब्द माझ्या डोक्यातही आला नसता: "कलमांक", म्हणजे मालवणीत "कलमांना".

प्रत्येक शब्दापुढे दोन रकाने ठेवा: कोणत्या नोंदी आल्याच पाहिजेत, आणि कोणत्या येता कामा नयेत. दुसरा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. माझ्या यादीतल्या काही ओळी अशा होत्या:

"मोहोर" शोधल्यावर "मोहर" असं लिहिलेल्या नोंदीही याव्यात, "माहेर" येऊ नये.

"आंबा" शोधल्यावर "आंब्याला", "आंबे" यावेत. आबांचा उल्लेख असलेल्या नोंदी येऊ नयेत.

"दर्या" शोधल्यावर "दऱ्या" येऊ नयेत.

"रत्ना" शोधल्यावर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेली ती जात आधी यावी, रत्नागिरीच्या नोंदी नंतर. "सिंधू" या जातीचं आणि सिंधुदुर्गाचंही तेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या या दोन जातींची नावं आपल्या दोन जिल्ह्यांच्या नावांत बसलेली आहेत, त्यामुळे कोकणातल्या बागायतदाराच्या वहीत ही अडचण येणारच.

"तौक्ते" शोधल्यावर मे २०२१ च्या वादळाच्या सगळ्या नोंदी याव्यात. आमच्या वहीत त्याच वादळाची तीन स्पेलिंगं आहेत: तौक्ते, तोक्ते, ताउते.

यादी झाली की आजचा, न सुधारलेला प्रोग्रॅम तिच्यावर चालवा. प्रत्येक शब्दाला मिळालेल्या नोंदींचे क्रमांक एका साध्या मजकूर फाइलमध्ये साठवा आणि ती फाइल कमिट करा. निकाल वाईट असला तरी चालेल, आत्ता तो सुधारायचा नाही.

सावध: यादीतली एखादी ओळ नापास होते म्हणून यादी बदलू नका. यादी बदलायची तर वेगळा कमिट आणि लेखी कारण हवं.

## टप्पा ३: वागणूक न बदलता कोड आवरा

आता रिफॅक्टरिंग. या टप्प्याला नियम एकच: टप्पा २ मधली निकालाची फाइल एका अक्षरानेही बदलता कामा नये. चुकीचा निकाल येत असेल तर चुकीचाच येत राहू द्या.

घरगुती प्रोग्रॅममध्ये शोधाचा कोड सहसा एका जागी नसतो. माझ्याकडे चार ठिकाणी होता: फोनवरच्या पानात, टर्मिनलच्या आदेशात, वर्षअखेरच्या अहवालात, आणि भावाने मागितल्यावर घाईत लिहिलेल्या फवारणीच्या यादीत. चारही जागी लाइकची क्वेरी, म्हणजे मजकुरात अक्षरांचा तुकडा जुळवून पाहणारा डेटाबेसचा आदेश, पण थोडी थोडी निराळी. एका जागी शब्दाच्या आजूबाजूची मोकळी जागा छाटलेली, दुसऱ्या जागी नाही.

१. गिट ग्रेपने "लाइक" जिथे जिथे आहे त्या सगळ्या जागा शोधा आणि कागदावर लिहा.

२. एक नवीन फंक्शन लिहा. त्याने शब्द घ्यावा आणि फक्त नोंदींचे क्रमांक परत द्यावेत. रंग, तारखेची मांडणी, पानांची विभागणी यातलं काहीही त्यात नको. आतला मजकूर पहिल्या जागेवरून जसाच्या तसा उचला.

३. पहिल्या जागेला हे फंक्शन वापरायला लावा. यादी चालवा. फरक शून्य असेल तर कमिट.

४. मग दुसरी जागा. तिथली क्वेरी थोडी वेगळी असेल तर तो फरक तात्पुरता फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये घ्या. "हे तर उगाच वेगळं आहे" असं वाटलं तरी आत्ता एकत्र करू नका. माझ्या अहवालातला उगाच वाटणारा फरक रद्द झालेल्या पेट्या गाळण्यासाठी होता.

५. सगळ्या जागा झाल्या की जुना, आता कुणी न वापरणारा कोड पुसून टाका. कमेंट करून ठेवू नका, गिटमध्ये तो आहेच.

या टप्प्यात मोह फार होतात. रकान्यांची नावं बदलावीशी वाटतात, सगळी फाइल एका झटक्यात फॉरमॅट करावीशी वाटते. फॉरमॅटिंग करायचंच असेल तर ते एकटं, स्वतंत्र कमिटमध्ये करा. नाहीतर उद्या बायसेक्ट करून, म्हणजे जुने कमिट अर्धे-अर्धे तपासत, चूक शोधताना तीनशे ओळींच्या फरकात खरा बदल झालेली एक ओळ दिसणार नाही. टेबलांची रचना तर आत्ता अजिबात हलवू नका.

तपासणी: चारही जागा एकाच फंक्शनमधून जातात का? निकालाची फाइल तशीच आहे का? दोन्ही "हो" असतील तर इथे एक टॅग लावा. पुढे काहीही बिघडलं तर परत यायची जागा हीच.

## टप्पा ४: शब्द एकसारखे करणारं फंक्शन

डोळ्यांना एकच दिसणारा मराठी शब्द संगणकाला दोन-तीन वेगळ्या शब्दांसारखा दिसू शकतो. म्हणून शब्द एका ठरावीक रूपात आणणारं फंक्शन लागतं. ते एकच असावं, आणि नोंद इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या शब्दसूचीत, घालताना व शोधशब्द वाचताना दोन्हीकडे तेच वापरावं. मूळ नोंद कधीही बदलायची नाही. आबांनी मालवणीत "इलो" लिहिलंय ना, ते तसंच राहील. एकसारखं रूप फक्त इंडेक्ससाठी असतं.

आता फंक्शनच्या आतला क्रम. तो का महत्त्वाचा, ते "दर्या" आणि "दऱ्या" यावरून कळेल. "दऱ्या"मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. "अदृश्य चिन्हं काढून टाका" हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो पहिल्याच पायरीला अमलात आणला की दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या डोंगरांच्या दऱ्यांचा समुद्र होतो. "कुऱ्हाड", "आचाऱ्याला", "ताऱ्यांचा" हे शब्दही असेच मोडतात. म्हणून:

१. सर्वांत आधी युनिकोडचं एनएफसी (तुकडे जोडलेलं) रूप करा. एनएफडी (तुकडे सुटे केलेलं) नको. एनएफडीमध्ये ऱ फुटून र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन तुकडे होतात, आणि पुढे नुक्ता काढताना ऱ कायमचा जातो.

२. मग र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे त्रिकूट दिसेल तिथे ऱ आणि हलन्त लिहा.

३. त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं काढा. न तुटणारी मोकळी जागाही साधी करा, वॉट्सॅपवरून चिकटवलेल्या मजकुरात ती हमखास असते.

४. ॲ ची वेगवेगळी रूपं एक करा, ऑ चीही तशीच. "ॲ" हे एकच अक्षर म्हणूनही येतं आणि अ अधिक चंद्र असंही येतं. काही कीबोर्ड त्याजागी ऍ देतात. एनएफसी हे एकत्र करत नाही, तुम्हालाच करावं लागतं. "ॲसिड", "ऑक्टोबर" सापडत नसतील तर कारण हेच.

५. उरलेला नुक्ता काढा. एनएफसीमध्ये ऱ हे एकच अक्षर असतं, त्यामुळे ते वाचतं.

६. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एका रूपात आणा. भाऊ पेट्या इंग्रजी आकड्यांत लिहितो, आबा देवनागरीत.

७. परसवर्ण अनुस्वारात आणा: "आम्बा" चा "आंबा", "मुम्बई" ची "मुंबई". हा नियम अनुनासिकापुढे त्याच वर्गातल्या पहिल्या चारांपैकी व्यंजन असेल तेव्हाच लावा. "जन्म", "उन्हाळा", "अन्न" यांना धक्का लागता कामा नये.

इथे थांबा. यातून जे निघतं त्याला मी नेमकं रूप म्हणतो.

दुसरं असतं सैल रूप. त्यात ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे, म्हणजे "भुरी" आणि "भूरी" जुळतात. ते नेमक्या रूपाच्या जागी ठेवायचं नाही, शेजारी ठेवायचं. नाहीतर "दिन" आणि "दीन" एक होऊन बसतील.

सावध: सगळे अनुस्वार काढून टाकायची कल्पना मनात येईल, कारण "कोंकण" आणि "कोकण", "नांव" आणि "नाव" जुळवायचे असतात. करू नका. "आंबा" चा "आबा" होतो. आमच्या वहीत फळ आणि वडील एक झाले होते, आणि ते मला पंधरा दिवसांनी कळलं. असे मोजके शब्द टप्पा ७ मधल्या तक्त्यात घाला.

तपासणी: प्रत्येक पायरीसाठी दोन शब्द घ्या, एक बदलायला हवा असा आणि एक मुळीच बदलू नये असा. शिवाय फंक्शन एकदा लावलेल्या शब्दावर पुन्हा लावून पाहा. उत्तर तेच यायला हवं. वेगळं आलं तर पायऱ्यांचा क्रम चुकला आहे.

## टप्पा ५: इंडेक्स बांधा

चार-पाच हजार नोंदींना लाइकचा वेग पुरतो. एफटीएस५ घ्यायचं कारण वेग नाही. शब्दांच्या सीमा ओळखणं आणि निकालांना क्रम लावणं यासाठी ते हवं.

मराठीसाठी त्यात एक मोठा खड्डा आहे. एफटीएस५ चा नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द सुटे करणारा भाग) अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडच्या दृष्टीने खुणा आहेत, अक्षरं नव्हेत. त्यामुळे त्या प्रत्येक ठिकाणी शब्द तुटतो. "मोहोर" चे म, ह, र असे तीन तुकडे होतात. "माहेर" चेही तेच तीन. शोधशब्दही तसाच तुटत असल्यामुळे निकाल येत राहतात, आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. मी मोहोराच्या नोंदी शोधत होतो आणि वहिनी माहेरी गेल्याची नोंद समोर आली, तेव्हा हे लक्षात आलं.

उपाय सोपा आहे. टेबल बनवताना टोकनायझरच्या कॅटेगरीज या पर्यायात मूळच्या एल, एन आणि सीओ यांच्या जोडीला एम हा खुणांचा गटही द्या, एलसारखाच तारा लावून.

हाच खड्डा पायथनमध्येही आहे. रेग्युलर एक्सप्रेशनमधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रांना शब्दाचा भाग धरत नाही. शब्द सुटे करायला ते वापरत असाल तर मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडायची पद्धत घ्या.

बाकीचं झटपट:

१. इंडेक्सच्या टेबलात तीन रकाने ठेवा: नेमकं, सैल, मूळ (प्रत्यय काढलेला शब्द). तिसरा टप्पा ७ पर्यंत रिकामा राहील. नोंदीचा क्रमांक हाच रोआयडी, म्हणजे इंडेक्समधल्या ओळीचा क्रमांक.

२. नोंद आणि इंडेक्स एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, म्हणजे दोन्ही लिहिलं जाईल किंवा काहीच नाही. पूर्ण इंडेक्स नव्याने बांधतानाही एकच ट्रान्झॅक्शन. मध्येच वीज गेली तर जुना इंडेक्स शाबूत राहतो.

३. हे काम डेटाबेसच्या ट्रिगरवर (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आदेशावर) सोपवू नका. एकसारखं करणारं फंक्शन पायथनमध्ये आहे. दुसऱ्या कुठल्या साधनातून नोंद दुरुस्त केली तर ट्रिगरला ते फंक्शन सापडणार नाही आणि नोंद अडकेल.

४. नियमांना क्रमांक द्या आणि तो डेटाबेसच्या यूझर व्हर्जनमध्ये लिहा. प्रोग्रॅम सुरू होताना कोडमधला क्रमांक मोठा दिसला तर इंडेक्स आपोआप पुन्हा बांधला जावा. नियम बदलला आणि इंडेक्स जुनाच राहिला, ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. नव्या नोंदी सापडतात, जुन्या गायब होतात, आणि माणूस दिवसभर क्वेरीत चूक शोधत बसतो.

तपासणी: एफटीएस५व्होकॅब प्रकारचं टेबल इंडेक्समधले सगळे शब्द दाखवतं. ते बनवून उघडा. सुटी म, ह, र अशी अक्षरं ढिगाने दिसली तर मात्रा गळल्या आहेत. "मोहोर", "फवारणी" असे पूर्ण शब्द दिसायला हवेत.

## टप्पा ६: शोधशब्द आणि निकालांची उतरंड

घरचा माणूस "१०-१२ पेटी" असं टाइप करतो. एफटीएस५ च्या क्वेरीत त्या रेघेला वेगळा अर्थ आहे, त्यामुळे प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. शोधशब्द आधी एकसारखा करा, मग मोकळ्या जागेवर तोडा, आणि प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात घाला. शब्दातच दुहेरी अवतरण असेल तर ते दोनदा लिहा. सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधायचं असेल तर तारा अवतरणाच्या बाहेर द्या. आत दिला तर तो विरामचिन्हासारखा गळून पडतो, आणि शोध चालतोय की नाही तेच कळत नाही.

उतरंड मी अशी ठेवली आहे: आधी नेमक्या रूपात पूर्ण शब्द, मग सैल रूपात पूर्ण शब्द, मग मूळ, आणि सर्वांत शेवटी सुरुवातीच्या अक्षरांचा शोध. हा शेवटचा प्रकार बहुतेक जण पहिला ठेवतात, कारण त्याने निकाल भरपूर येतात. पण "सिंधु" असं ऱ्हस्व टाइप केलं की तो सिंधुदुर्गाच्या सगळ्या नोंदी वर आणतो, आणि "सिंधू" ही दीर्घ लिहिलेली जात तळाला जाते. वरच्या तीन पायऱ्यांतून पाचपेक्षा कमी निकाल आले तरच मी चौथी पायरी चालवतो.

एकाच पायरीतल्या निकालांना बीएम२५ ने, म्हणजे नोंद शोधाला किती जुळते त्याचे गुण देणाऱ्या सूत्राने, क्रम लावा. एफटीएस५ मध्ये चांगल्या निकालाचा गुण जास्त ऋण असतो, म्हणून चढता क्रम. उतरता लावला तर सर्वांत निरुपयोगी नोंद सर्वांत वर येते.

आणि निकाल दाखवताना एफटीएस५ चा स्निपेट, म्हणजे जुळलेला तुकडा, वापरू नका. तो इंडेक्समधलं एकसारखं केलेलं रूप दाखवतो, आबांनी लिहिलेलं वाक्य दाखवत नाही. क्रमांकावरून मूळ नोंद आणा आणि तीच दाखवा.

तपासणी: तीस शोध चालवा. आता निकालाची फाइल बदलेल, बदलायलाच हवी. पण प्रत्येक फरक वाचा. "बरेच सुधारलेत" असं म्हणून कमिट करू नका, पूर्वी पास होणारी एखादी ओळ नापास झाली आहे का ते पाहा.

## टप्पा ७: विभक्ती, मालवणी आणि पर्यायी शब्द

"करपा" शोधलं आणि नोंदीत "करप्याची फवारणी" असेल तर आतापर्यंतचं काहीही कामाला येत नाही. मराठीत शब्द नुसता प्रत्यय घेत नाही, आधी सामान्यरूप होतो. पूर्ण व्याकरण लिहायला बसू नका. तीन पायऱ्या पुरतात.

१. लांब प्रत्यय आधी काढा, मग आखूड: पासून, साठी, मध्ये, वरून, कडून, च्या, मग ला, ना, ने, नी, चा, ची, चे.

२. उरलेल्या शब्दाच्या शेवटी अनुस्वार असेल तर काढा, मग शेवटचं "्या", नाहीतर शेवटचा काना, वेलांटी किंवा मात्रा काढा. "तुडतुडा", "तुडतुडे", "तुडतुड्यांचा" हे तिन्ही "तुडतुड" वर येतात. "आंबा", "आंबे", "आंब्याला" हे "आंब" वर. हा खरा शब्द नसला तरी बिघडत नाही. दोन्ही बाजूंना तेच रूप आलं की झालं.

३. एकाक्षरी प्रत्यय सर्वांत शेवटी आणि सर्वांत जपून. आपल्याकडे हा भाग जास्त लागतो. आबा लिहितात "वाशीक पेटये धाडले", "कलमांक मोहोर इलो". प्रमाण मराठीच्या तयार नियमांत मालवणीचा "क" नसतोच, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांच्या नोंदी सापडत नाहीत. पण "क", "त", "स" सरसकट काढले तर "बागायत" चा त जातो आणि "हापूस" चा स. त्यासाठी टप्पा ५ मधल्या व्होकॅबवरून तुमच्या वहीतल्या मूळ शब्दांची यादी काढा, नजरेखालून घाला, फाइलमध्ये ठेवा. प्रत्यय काढून उरलेला शब्द, सरळ किंवा शेवटचा स्वर छाटून, या यादीत असेल तरच प्रत्यय काढायचा. "बागेक" मधून "बाग" मिळते, चालेल. "हापू" कुठेच नाही, म्हणून "हापूस" तसाच राहतो.

ही यादी चालू व्होकॅबमधून दर वेळी ताजी वाचू नका. नव्या नोंदी आल्या की यादी बदलेल, आणि काल एका रूपात साठवलेला शब्द आज दुसऱ्या रूपात शोधला जाईल. यादी बदलली की नियमांचा क्रमांक वाढवा.

नियमात न बसणाऱ्यांसाठी साधा तक्ता ठेवा. "पाऊस" आणि "पावसात", "मासा" आणि "माशाला" यांना नियम लिहिण्यापेक्षा दोन ओळी लिहिणं सोपं. त्याच तक्त्यात मोहोर आणि मोहर, वेंगुर्ला आणि वेंगुर्ले, कोकण आणि कोंकण, वादळाची तिन्ही स्पेलिंगं. पर्यायी शब्द शोधशब्दाच्या बाजूने वाढवा, इंडेक्सच्या बाजूने नको. मग तक्त्यात भर घातली तरी इंडेक्स पुन्हा बांधावा लागत नाही.

सावध: एका वेळी एक नियम, एक कमिट, तीस शोध. पाच प्रत्यय एकदम घातले आणि एक ओळ नापास झाली तर पाचही संशयित ठरतात.

अर्थावरून शोधणारा वेक्टर शोध लावू का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. माझं मत: आधी हे सात टप्पे. मात्रा गळलेल्या आणि ऱ मोडलेल्या मजकुरावर कोणतंही मॉडेल बसवलं तरी मूळ चूक आत तशीच राहते, फक्त ती शोधणं अवघड होतं.

## टप्पा ८: खऱ्या वहीवर आणा

खऱ्या डेटाबेसची ताजी प्रत काढा, टप्पा १ च्याच पद्धतीने. मग नवा प्रोग्रॅम चालवा, इंडेक्स बांधला जाईल. नोंदींची संख्या आणि इंडेक्समधल्या ओळींची संख्या जुळते का पाहा. जुना लाइकचा शोध दोन आठवडे एका बटनामागे ठेवा. घरच्यांना काही सापडलं नाही तर त्यांनी ते दाबावं आणि तुम्हाला सांगावं.

एक भर मात्र नक्की घाला: ज्या शोधाला शून्य निकाल आले तो शब्द तारखेसह एका टेबलात लिहून ठेवा. दर रविवारी ते टेबल वाचा. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात निम्मे शब्द रोमन लिपीत टाइप केलेले निघाले, कारण भाऊ फोनवर कीबोर्ड बदलतच नाही. रोमनवरून देवनागरी करण्याचा सगळा खटाटोप न करता त्याचे नेहमीचे चाळीस शब्द पर्यायी तक्त्यात घातले, आणि तक्रार थांबली. दुसऱ्या आठवड्यात "फळमाशी" निघाली. नोंदीत आबांनी ती "फळ माशी" अशी तोडून लिहिली होती. तीही तक्त्यात गेली, आणि तीस शोधांच्या यादीत एकतिसावी ओळ वाढली.